पाच फूट साडेतीन इंच

मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. चपला काढायला लावल्या. एका पोराने माझ्या डोक्यावर लाकडी पट्टी आडवी धरली. संघ निवडायला आलेले सर म्हणाले, "केस दाब रे त्याचे. केसाची उंची धरायची न्हाई." त्याने केस दाबले. पट्टीखाली खडूने रेघ मारली. मग शिंप्याकडून आणलेली टेप जमिनीपासून रेघेपर्यंत ताणली.

पाच फूट साडेतीन इंच.

सरांनी ते मोठ्याने वाचलं. मैदानावर चाळीसेक पोरं होती. सगळ्यांना ऐकू गेलं.

"गोल आठ फुटाचा हाय," सर म्हणाले. "हा पाच फुटाचा. वरचे तीन फूट काय ह्याचा बाप येऊन झाकणार?"

पोरं हसली. सरांना बरं वाटलं असावं. त्यांनी माझा दंड चिमटीत धरला आणि सगळ्यांना दाखवला.

"दुष्काळातलं कणीस हाय हे. दाणाच भरला न्हाई. तुमच्या वस्तीत उंच माणूस जन्मतच न्हाई का रे?"

राग आला असं लिहिलं तर ते खोटं होईल. काहीच आलं नाही. दंड दुसऱ्या कुणाचा असावा तसा मी त्याच्याकडे बघत होतो.

माझ्यानंतर सतीशला उभं केलं. सतीश तालुक्यातल्या एका मोठ्या बागायतदाराचा मुलगा. पाच फूट अकरा इंच. त्याला बूट काढायला कोणी सांगितलं नाही. मी खाली बघून अंदाज घेतला. टाच सव्वा इंचाची असावी. सव्वा इंच वजा केलं तरी तो माझ्यापेक्षा बराच उंच होता. हे मी तेव्हाही मनात मान्य केलं, आज लिहितानाही करतो. पण मला अनवाणी मोजलं आणि त्याला बुटासकट मोजलं, हेही लिहायला हवं.

मोजणी झाली आणि चाचणी संपली. आम्हा दोघांपैकी एकाच्याही दिशेने त्या दिवशी एकसुद्धा चेंडू कोणी मारला नाही. गोलरक्षकाची निवड टेपने झाली.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. उस्मानाबादेतून वेगळा होऊन थोडेच दिवस झाले होते. कचेऱ्यांच्या पाट्या रंगवायचं काम चालू होतं. जुन्या नावावर पांढरा हात मारलेला असायचा आणि उन्हात त्याखालचं नाव दिसायचं. त्या नव्या जिल्ह्याचा पहिला फुटबॉल संघ निवडायचा होता. संघ नांदेडला सामना खेळायला जाणार होता. जिल्ह्याकडून खेळलं की शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळायचं, आणि नोकरीच्या अर्जाला ते जोडलं की वजन पडतं, असं सगळे सांगायचे. मी अकरावीत होतो. आमच्या घरात तोपर्यंत शिक्क्याचा कागद म्हणजे फक्त रेशनकार्ड होतं.

मी गोलरक्षक कसा झालो, ते सांगतो. मला कुणी निवडलं नव्हतं.

सातवीत असताना शाळेत फुटबॉल आला. पहिल्या दिवशी मी इतरांबरोबर मध्ये धावलो. चेंडूसाठी झटापट झाली, अंगाला अंग लागलं. दोन पोरं खेळ सोडून बाजूला जाऊन उभी राहिली. काय झालं ते तोंडाने कोणी म्हटलं नाही. मास्तरांनी मला हाक मारली. "तू गोलात उभा ऱ्हा. तिथं कुणाच्या अंगाला लागत न्हाई." मी गेलो. दोन दगड ठेवले होते, त्यांच्या मध्ये उभा राहिलो. मला आनंद झाला होता, हे लिहायला आज जड जातं. मला वाटलं, आपल्याला स्वतःची जागा मिळाली.

मागे बाभळी होत्या. चेंडू गेला की काट्यांतून मीच आणायचा. चेंडू त्यांच्या पायाकडून माझ्या हातात यायचा आणि माझ्या हातातून त्यांच्या पायाकडे जायचा. चेंडूला विटाळ होत नव्हता.

चार वर्षं मी तिथे उभा राहिलो. त्या जागेसाठी कोणी भांडायला आलं नाही. मैदान मुरमाचं होतं. उडी घेतली की कोपर आणि कंबर सोलून निघायची. खपली धरायची, पुन्हा निघायची. डाव्या कमरेवर तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे. चिमटा घेतला तर कळत नाही. उंच घरातल्या, चांगल्या कपड्यातल्या पोरांना ती जागा नको होती. तोवर माझी उंची कोणीही मोजली नव्हती.

मी मात्र मोजत होतो. मला आकड्यांची सवय पहिल्यापासून आहे. वहीच्या मागच्या पानावर मी गोलाची चौकट काढून ठेवायचो आणि प्रत्येक सामन्यानंतर चेंडू कुठून गेला तिथे टिंब द्यायचो. चाचणीच्या आधीच्या वर्षात बावीस सामने झाले. सत्तावीस गोल गेले. त्यातले एकोणीस माझ्या खांद्याच्या वरून. म्हणजे सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. हात वर केला की माझी बोटं सहा फूट आठ इंचांवर पोचायची. आडवा दांडा आठ फुटांवर. राहिले सोळा इंच. जागेवरून उडी मारली की मी सतरा इंच उचलला जायचो. म्हणजे दांड्याला कसाबसा हात लागायचा, तोही चेंडू अगदी डोक्यावर आला तर. कोपऱ्यात उंच आलेला चेंडू माझा नव्हताच.

पण खालचा चेंडू माझा होता. उंच माणसाला जमिनीपर्यंत जायला वेळ लागतो. आधी गुडघे वाकतात, मग कंबर, मग हात खाली येतात. मी एकाच झटक्यात आडवा व्हायचो. माझे हातही अंगाच्या मानाने लांब होते. पसरले की पाच फूट साडेपाच इंच, उंचीपेक्षा दोन इंच जास्त. आणि उंच चेंडूवर मी एक तोड काढली होती. गोलाच्या रेषेवर थांबायचंच नाही. मारणारा पाय मागे घेतो तेवढ्यात चार पावलं पुढे जायचं. पुढे गेलं की त्याला गोल लहान दिसतो. वरून उचलून टाकायला त्याच्याकडे जागा उरत नाही. ही तोड काढल्यावर शेवटच्या सहा सामन्यांत डोक्यावरून फक्त एक गोल गेला.

ती वही मी चाचणीला नेली होती. पिशवीतून काढलीच नाही. कोणी विचारलं नाही.

उंचीबद्दल आणखी एक. बहात्तरच्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथे सुकडी मिळायची, ती आम्ही खायचो. बाकी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. पोट फुगलेलं आणि पाय काड्या, असा माझा तेव्हाचा अवतार होता म्हणतात. माझा धाकटा भाऊ दुष्काळ सरल्यावर झाला. तो पाच फूट सात इंच आहे. एकाच आईबापाचे आम्ही, फरक साडेतीन इंचांचा. यावरून मी काही सिद्ध करत नाही. दोन आकडे आहेत, ते लिहिले.

चाचणीनंतर आठ दिवसांनी सरांनी निरोप धाडला. "तू बी चल नांदेडला. राखीव म्हणून." मला राखीव म्हणजे सोळावा माणूस वाटलं. मी रात्रीच कपडे धुवून टाकले.

नांदेडच्या मैदानावर पंचांनी यादी वाचायला घेतली. ज्याचं नाव येईल त्याने "हजर" म्हणून एक पाऊल पुढे यायचं. सोळा नावं वाचली. सोळा जण पुढे गेले. मी चेंडूंची जाळी धरून मागे उभा होतो. सरांना म्हटलं, "सर, माझं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं न्हाई. तू सामान सांभाळायला हायस. आणि सतीशला जरा चेंडू मारून गरम कर."

मी सतीशला चेंडू मारले. खाली मारले की तो घाबरायचा. "वर मार बे, वर," तो म्हणायचा. सतीश वाईट नव्हता. चेंडू मारता मारता त्यानेच सांगितलं, "मला कुठं हौस हाय गोलात उभं ऱ्हायची? बापानं सरांना सांगितलं, कागद पायजे म्हणून. पुढं खेळायचं तर दम लागतो मला."

सामना सुरू झाला. अर्धा वेळ होईपर्यंत तीन गोल झाले. एक उंचावरून गेला, तो कोणालाच सापडला नसता. दोन त्याच्या पायाजवळून जमिनीलगत गेले. दुसऱ्या गोलाच्या वेळी त्याच्या उजव्या हाताचं बोट मुरगळलं. मध्यंतरात तो गवतावर बसून बोट फुंकत होता. सर आले. माझ्याकडे बघितलं. मग सतीशला म्हणाले, "काढ ती जर्सी."

जर्सी हिरवी होती. पाठीवर एक आकडा. सरांनी ती माझ्याकडे फेकली.

"घाल. आणि पंचांनी विचारलं तर सतीश म्हणून सांग."

मी जर्सी हातात धरली. घामाने ओली होती. छातीला लावून बघितली, मांडीपर्यंत आली. मला ती हवी होती. चार वर्षं मी बाह्या फाटलेल्या शर्टात उभा राहिलो होतो. आकड्याची जर्सी मी पहिल्यांदा हातात धरत होतो.

एक पोरगं म्हणालं, "सर, पंच वळखतील की. सतीश एवढा, हा एवढा."

दुसरा म्हणाला, "सांगा की, लातूरला पाणी न्हाई. अर्ध्या वेळात आटला."

सगळे हसले. सरही हसले. मीही हसलो. खरं ते लिहितो, मीही हसलो.

मग मी विचारलं, "सर, माझी उंची बसते का आता?"

हसणं थांबलं.

"म्हंजे?"

"तुम्ही म्हणलात, पाच फुटाचा चालत न्हाई."

"आता वेळ काय, तू बोलून काय राहिलास? घाल लवकर."

"माझं नाव लिहा. मंग घालतो."

"यादी गेली. आता नाव घालता येत न्हाई."

"मंग मी उतरत न्हाई."

सतीश खालून म्हणाला, "घाल ना लेका. तुला खेळायचंच होतं ना?" त्याच्या आवाजात खोट नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं. मी गोल अडवले असते आणि कागद त्याच्या घरी गेला असता, यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. आतापर्यंत सगळं तसंच तर झालं होतं.

सर जवळ आले. हळू बोलले. "नव्या जिल्ह्याची पहिली मॅच हाय. जिल्ह्याची इज्जत जाऊन राहिली आणि तुला नाव सुचून राहिलं? तुमच्या लोकांचं असंच. बोट दिलं की हात धरता."

मी जर्सीची घडी घातली. घडी नीट घातली. ती सरांच्या पायाजवळ ठेवली. चेंडूंची जाळी त्यावर ठेवली आणि गोलाच्या मागे जाऊन उभा राहिलो.

उरलेल्या वेळात आणखी दोन गोल झाले. एक कोपऱ्यात उंच, एक खालून. शून्य-पाच.

मी उतरलो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी तिथेच केला. खालचे दोन सोडूनच द्या, ते पहिल्या भागात होऊन गेले होते. दुसऱ्या भागातला खालचा मी घेतला असता. उंच कोपऱ्यातला गेलाच असता. शून्य-चार. पहिल्यापासून मी असतो तर शून्य-दोन. म्हणजे कसंही झालं तरी आम्ही हरलोच असतो. माझ्यामुळे जिल्हा हरला असं पुढे बरेच दिवस म्हटलं गेलं. त्या म्हणण्याला आकड्यांचा आधार नाही.

परतीच्या गाडीत दोघांच्या बाकावर मी एकटा होतो. मागे तिघं तिघं दाटीने बसले होते. अहमदपूरला चहासाठी गाडी थांबली. मला कोणी हाक मारली नाही. मी उतरलो नाही. मुतायलासुद्धा उतरलो नाही. चार तास मी काचेतून बघत होतो आणि काय बघितलं ते सांगता येणार नाही. शेतं होती. कोरडी होती.

आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"खेळायचं व्हतंस की," ती म्हणाली. "नाव कुणाचं का असंना. बघणाऱ्यानं तुलाच बघितलं असतं."

"नाव महत्त्वाचं हाय, आई."

"मी दुष्काळी कामावर आठ म्हैने हौसाबाई व्हते."

मला कळलं नाही. तेव्हा तिने सांगितलं. मुकादमाने हजेरीपटावर आधीच नावं भरली होती. त्याच्या भावकीतल्या बायकांची. त्या कामावर येत नव्हत्या. त्यांच्या जागी आमच्या वस्तीतल्या बाया खडी फोडायच्या. रोज सकाळी मुकादम हौसाबाई म्हणायचा आणि माझी आई हजर म्हणायची. कागदावर माझी आई त्या रस्त्यावर एक दिवससुद्धा आलेली नाही.

"हजर म्हणलं म्हणून सुकडी भेटली," आई म्हणाली. "नसतं म्हणलं तर तू ऱ्हायला नसतास. मंग कशाचं नाव नि कशाचं गाव."

ती बरोबर होती. माझं हाड न् हाड दुसऱ्या बाईच्या नावावर वाढलेलं होतं. तेच हाड सरांनी भिंतीला लावून मोजलं आणि कमी भरलं म्हणाले. मला वाटलं होतं, मी नाही म्हटलं म्हणजे काही मोठं केलं. आईसमोर बसल्यावर तसं वाटेना. ती नाही म्हणू शकली नव्हती आणि म्हणून मी नाही म्हणायला जिवंत होतो. मी भाकरी खाल्ली. चव लागली नाही. पण पोट भरल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. आईने तिची हजेरी दुसरीच्या नावावर भरली, ती माझ्यासाठी. मी माझी सतीशच्या नावावर भरली असती, तर ती कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या क्रीडा कचेरीत गेलो. भुसाराच्या गोदामामागे दोन भाड्याच्या खोल्या होत्या. एकच कारकून होता, उदगीरकडचा, पांढऱ्या दाढीचा. सगळे त्याला चाचा म्हणायचे. मी विचारलं, "गोलरक्षकाला उंचीची अट हाय का? असली तर कागद दाखवा."

चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "अट वगैरे काई न्हाई, बाबा. दस्तूर हाय. उंच बघून घेतात."

"मंग दस्तूर लिहून द्या."

"दस्तूर लिहून देता आला असता तर त्याला दस्तूर कशाला म्हणले असते? जा, घरी जा. कालेज बुडून राहिलं तुझं."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. कचेरी बंद होईपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. साहेब आले, गेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा बाहेर आले आणि बाकावर माझ्या शेजारी टेकले.

"तुला संघात घेणार न्हाईत, ध्यानात ठेव. कागद घेऊन काय करशील?"

"घरी ठेवीन."

ते आत गेले. अर्ध्या तासाने कागद आणून दिला. एकच ओळ होती. गोलरक्षकासाठी उंचीची कोणतीही लेखी अट या कार्यालयात उपलब्ध नाही. साहेबांची सही होती. शिक्का जुन्या जिल्ह्याचा होता, नवा अजून आला नव्हता. चाचांनी शिक्क्यातलं नाव पेनाने खोडून वर लातूर लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी तो कागद घेऊन मी चाचणीला गेलो. सरांनी वाचला, परत दिला. म्हणाले, "कागद उंच हाय. तू न्हाईस." निवड झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी परत गेलो. झाली नाही. चाचांनी सांगितलं होतं तसंच झालं. नांदेडच्या सामन्याचं प्रमाणपत्र सतीशला मिळालं. पुढे त्याला नोकरीही लागली. मला उशिरा लागली, प्रमाणपत्राशिवाय.

आज मी पन्नाशीत आहे. सरकारी कचेरीत लिपिक आहे. दोन मुलं, भाड्याचं घर, वेळेवर भरलेली बिलं. मी शांत माणूस आहे, कचेरीतही तसंच म्हणतात. फक्त एका बाबतीत माझ्याबद्दल तक्रार होते. वरचे साहेब सांगतात, तुम्ही अहवाल तयार करा, खाली आम्ही आमचं नाव घालतो. इतर लिपिक करून देतात. मी करत नाही. मी तयार केला तर तयार करणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव खाली येईल, नाहीतर कागद कोरा राहील. बढती दोनदा थांबली. साहेब म्हणाले, "अहो, सगळीकडं असंच चालतं, आतापर्यंतचा शिरस्ता आहे." मी म्हटलं, "लेखी द्या." त्यांनी दिलं नाही.

पाणीटंचाईचा या वर्षीचा तालुक्याचा अहवाल मी केला. गावोगाव फिरून, विहिरीत दोर सोडून. एकशे चार पानं. शेवटच्या पानावर डाव्या कोपऱ्यात मी माझं नाव लिहिलं आणि शुक्रवारी फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी निरोप पाठवला की नाव काढा, तिसऱ्या बढतीचा कागद याच आठवड्यात वर जायचा आहे.

उद्या सोमवार. मी नाव काढणार नाही. त्यांनी खोडलं, तर त्याच्याच खाली परत लिहीन.